मतदान केंद्र का बदललं, आणि त्याच्या आधी काय बदललं होतं

मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल. अमेरिकेत, नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर तो दोन आठवडे फिरतोय, मला चार ठिकाणांहून आला. मजकूर असा: "काउंटीने आपलं मतदान केंद्र गुपचूप बदललं. देशी लोक वाढले म्हणून आपली मतं फोडायचा हा डाव आहे. तिकडे डेटा सेंटरवाल्यांना जमिनी वाटून झाल्यात. पब्लिक हिअरिंग म्हणजे नाटक, सगळं आधीच ठरलेलं असतं. काउंटीच्या मनात आलं तर एका दिवसात हे थांबेल. ग्रीन कार्ड आणि एच-वनवाल्यांना तर बोलायचाही हक्क नाही. सगळ्यांना पाठवा."

पाठवणाऱ्यांपैकी एक आमचे शेजारचे काका. वीस वर्षं इथे राहिलेले, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारे. त्यांनी तो काळजीपोटीच पाठवला. त्यांना मी फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण या मेसेजमध्ये खरं थोडं आणि चुकीचं बरंच आहे, आणि ते वाचून माणूस एकच गोष्ट करतो: घरी बसतो.

आधी 'गुपचूप'. व्हर्जिनियात प्रीसिंक्टची, म्हणजे एका मतदान केंद्राला जोडलेल्या भागाची, हद्द किंवा मतदान केंद्र कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीने बदलत नाही. काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सला रीतसर अध्यादेश मंजूर करावा लागतो आणि त्याआधी जाहीर नोटीस द्यावी लागते. सार्वत्रिक निवडणुकीच्या आधीच्या 60 दिवसांत असा बदल करता येत नाही. ज्यांचं केंद्र बदललं त्या प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला पुढच्या निवडणुकीच्या किमान 15 दिवस आधी टपालाने कळवावं लागतं. काकांना मी म्हटलं, टपालाचा गठ्ठा बघा. फोन कानाला लावूनच त्यांनी तो उपसला. पिझ्झाची कुपनं, छपराचे पन्हाळ साफ करून देणाऱ्यांची पत्रकं, आणि त्यांच्यामध्ये न फोडलेलं एक साधं पांढरं पाकीट. आत प्रीसिंक्टचं नाव, नव्या शाळेचा पत्ता, सगळं होतं. काकांनी पत्ता दोनदा मोठ्याने वाचला. "अगं, ही तर आधीच्यापेक्षा जवळ आहे," म्हणाले.

आता 'मतं फोडायचा डाव'. इथे मेसेज लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. सुपरवायझर, म्हणजे बोर्डाचा सदस्य, ज्या भागातून निवडून येतो तो डिस्ट्रिक्ट, म्हणजे मतदारसंघ. त्याच्या हद्दी दहा वर्षांनी जनगणनेनंतर आखल्या जातात, आणि मतं फोडायची असतील तर ती तिथे फोडता येतात. प्रीसिंक्ट म्हणजे त्या मतदारसंघातला एक तुकडा, ज्यातली माणसं एका केंद्रावर मत देतात. आपल्याकडे एकाच वॉर्डात पाच शाळांमध्ये बूथ असतात, तसंच. बूथ या शाळेतून त्या शाळेत गेला म्हणून उमेदवार बदलत नाही आणि मताचं वजनही कमी होत नाही.

मग आमच्या प्रीसिंक्टचे तुकडे पाडले कशाला? कायद्यात आकडा आहे. नवा प्रीसिंक्ट करताना त्यात 5,000 पेक्षा जास्त नोंदणीकृत मतदार असू नयेत. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत एखाद्या प्रीसिंक्टमध्ये 4,000 हून जास्त लोकांनी मत दिलं, तर निबंधकाने, म्हणजे जनरल रजिस्ट्रारने, ते बोर्डाला कळवायचं आणि बोर्डाने सहा महिन्यांत हद्दी बदलण्याचं काम हाती घ्यायचं. रांगा लांबू नयेत यासाठीची ही तजवीज आहे. आमच्या प्रीसिंक्टमध्ये माणसं वाढली म्हणून त्याचे दोन झाले.

तरीही काकांच्या मनातली भीती मी हसण्यावारी नेणार नाही. या देशात केंद्रं बंद करून, लांब हलवून लोकांना मतदानापासून दूर ठेवल्याचा इतिहास आहे आणि व्हर्जिनिया त्या इतिहासाच्या बाहेर नाही. म्हणूनच 1965 च्या मतदान हक्क कायद्याखाली या राज्याला केंद्र हलवायलासुद्धा संघराज्य सरकारची पूर्वपरवानगी लागायची. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाबामातल्या शेल्बी काउंटीच्या खटल्यात ती तरतूद निष्प्रभ केली. त्यानंतर 2021 मध्ये व्हर्जिनियाने स्वतःचा मतदान हक्क कायदा केला. केंद्रं कमी करणं, एकत्र करणं, हलवणं अशा बदलांआधी लोकांना मत मांडायची मुदत द्यायची किंवा अ‍ॅटर्नी जनरलची संमती घ्यायची, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे संशय आला तर तो तपासायची जागा आहे. आमच्या बाबतीत मी तपासला. केंद्र कमी झालं नाही, एक वाढलं. शिवाय इथे निवडणुकीच्या 45 दिवस आधीपासून कारण न सांगता मत देता येतं, आणि ते काउंटीतल्या कुठल्याही अर्ली व्होटिंग केंद्रावर. प्रीसिंक्टचा प्रश्न फक्त शेवटच्या दिवशी येतो.

पण मला खरं बोलायचंय ते पुढच्या वाक्यांबद्दल. काकांना मी विचारलं, एका प्रीसिंक्टमध्ये एवढी माणसं आली कुठून? उत्तर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. आधी तिथे शेत होतं, आता टाउनहाउसच्या रांगा आहेत, दोन-दोन गाड्यांची गॅरेजं, आणि दर तिसऱ्या दारावर दिवाळीत आकाशकंदील. शेतावर घरं उठायची तर जमिनीचं झोनिंग, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची याचा नियम, बदलावं लागतं. ते बोर्डाने बदललं, सुनावणी घेऊन, मतदान करून, कितीतरी वर्षांपूर्वी. रस्त्याकडेला खांबावर पाटी लागली होती, मुलांना शाळेत सोडताना मीच ती रोज बघायचे आणि कधी थांबून वाचली नाही. केंद्र आत्ता बदललं, पण ज्या निर्णयामुळे बदललं तो तेव्हा झाला. जमिनीचा निर्णय पुढे जातो. शाळेतली गर्दी, रस्त्यावरचे सिग्नल, वीजवाहिन्या आणि प्रीसिंक्टची हद्द त्याच्या मागून येतात. आपण त्या शेवटच्या टोकावर ओरडतोय.

म्हणूनच 'हिअरिंग म्हणजे नाटक' हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीत काय झालं ते पाहा. मनासस राष्ट्रीय रणभूमीला लागून, पेजलँड लेनच्या दोन्ही बाजूंना सुमारे 2,100 एकरांवर 'डिजिटल गेटवे' नावाचा डेटा सेंटरांचा, म्हणजे इंटरनेटचे सर्व्हर ठेवणाऱ्या अवाढव्य इमारतींचा, प्रचंड प्रकल्प आला. अमेरिकी यादवी युद्धातल्या दोन लढाया ज्या मातीवर झाल्या, तिच्या कुंपणाला खेटून. लोक चिडले. बोर्डाच्या अध्यक्ष अ‍ॅन व्हीलर प्रकल्पाच्या बाजूच्या होत्या. जून 2023 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, देशुंड्रा जेफरसन यांनी त्यांना हरवलं, आणि तो पराभव डेटा सेंटरांच्या मुद्द्यावर झाला हे इथे सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबरात जेफरसन निवडूनही आल्या. पण जुन्या बोर्डाची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत होती. त्या डिसेंबरात सुनावणी बसली ती एका दिवसाहून जास्त वेळ चालली. माणसं रात्रभर जागली, पहाटे आपला नंबर आल्यावर बोलली. आणि शेवटी बोर्डाने 4 विरुद्ध 3 मतांनी मंजुरी दिली, एक सदस्य तटस्थ राहिला.

इथे थांबलं तर मेसेजवाल्याचं खरं वाटेल. रात्रभर जागून काय मिळालं?

पण गोष्ट तिथे संपली नाही. लगतच्या ओक व्हॅली वसाहतीचे रहिवासी कोर्टात गेले. ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट कोर्टाच्या न्यायाधीश किंबर्ली आयर्विंग यांनी ते रीझोनिंग मुळातच अवैध ठरवलं. कशावरून? सुनावणीची जाहिरात कायद्याने सांगितलेल्या मुदतीत, सांगितलेल्या रीतीने छापली गेली नव्हती यावरून. अब्जावधी डॉलर्सचा प्रकल्प वर्तमानपत्रातल्या एका नोटिशीवर अडला. प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते जाणारच होतं. मुद्दा एवढाच की सुनावणी नुसतं नाटक असती, तर तिच्या जाहिरातीत चूक झाली म्हणून कुठल्याही कोर्टाने मंजुरी रद्द केली नसती. लोकांना वेळेवर कळणं हा निर्णयाचाच भाग आहे, तो वगळला तर निर्णय उरत नाही. आणि हे कोर्टात मांडणारे लोक त्याच वस्तीतले होते, कागदपत्रं वाचणारे, तारखा टिपून ठेवणारे.

आपल्याकडेही हे घडलंय. मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा 2015 साली आला तेव्हा हरकतींचा इतका मारा झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेऊन नव्याने तपासायला लावला. हरकत नोंदवणं म्हणजे काय, हे आपल्या आईवडिलांच्या पिढीला शिकवावं लागत नव्हतं.

पुढचं वाक्य: 'काउंटीच्या मनात आलं तर एका दिवसात थांबेल.' नाही थांबणार. व्हर्जिनियात डिलन नियम चालतो. राज्याने जेवढे अधिकार दिले तेवढेच काउंटीला असतात, त्यापलीकडे बोर्डाची इच्छा कितीही असली तरी उपयोग नाही. एखाद्याला रीतसर परवानगी मिळून त्याचा हक्क पक्का झाला, की नंतर नियम बदलून तो काढून घेता येत नाही. त्यातही 'बाय-राइट' ही गोष्ट समजून घ्यायला हवी. झोनिंगमध्ये एखादा वापर बाय-राइट असेल तर मालकाने नियमात बसणारा आराखडा द्यायचा आणि कर्मचाऱ्यांनी तो तपासून मंजूर करायचा. सुनावणी नाही, बोर्डाचं मतदान नाही. आमच्या लाउडन काउंटीत अ‍ॅशबर्नच्या आसपास इतकी डेटा सेंटरं उभी राहिली त्यामागे हे मोठं कारण होतं. लोक विचारायचे, आम्हाला न विचारता कसं झालं? विचारायची तरतूदच नव्हती.

ती तरतूद आता आली आहे. 18 मार्च 2025 ला लाउडनच्या बोर्डाने डेटा सेंटरांचा बाय-राइट हक्क काढून टाकला. आता नव्या डेटा सेंटरला स्पेशल एक्सेप्शन लागतं, म्हणजे नियोजन आयोगापुढे सुनावणी, बोर्डापुढे सुनावणी आणि मग मतदान. आधीपासून रांगेत असलेल्या अर्जांसाठी सवलती ठेवाव्या लागल्या, त्याचं कारण वर आलंच आहे. हा बदल एका दिवसात झाला नाही आणि तो आपोआपही झाला नाही. घराच्या मागे चोवीस तास घुमणाऱ्या पंख्यांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून लोकांनी तो बोर्डापुढे ऐकवला. डिझेल जनरेटर आणि उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांबद्दल पुन्हापुन्हा येऊन बोलले.

आणि 'जमिनी वाटल्या' म्हणताना दुसरी बाजूही सांगायला हवी. 2013 मध्ये लाउडनचा मालमत्ता कर दर 100 डॉलर मूल्यामागे 1.205 डॉलर होता, 2025 मध्ये तो 0.805 झाला. घरांच्या किमती चढल्यामुळे बिलं त्या प्रमाणात उतरली नाहीत, पण दर खाली येण्यात डेटा सेंटरांमधल्या यंत्रसामग्रीवरच्या कराचा वाटा फार मोठा आहे. आपल्या मुलांच्या शाळा त्यावर चालतात. एकाच उद्योगावर इतकं अवलंबून राहणं धोक्याचं आहे असं मला वाटतं. पण ते मत मांडायचं तर हा पैसा दुसरीकडून कुठून येईल याचं उत्तरही द्यावं लागेल.

राहिलं बोलायच्या हक्काचं. मत देण्यासाठी नागरिकत्व लागतं, सुनावणीत बोलायला लागत नाही. मी ग्रीन कार्डवर असताना पहिल्यांदा बोलले होते. नाव पुकारलं, समोरच्या छोट्या दिव्याचा रंग हिरवा झाला, आणि मी लिहून आणलेलं अर्धंच वाचून झालं तेव्हा तो लाल झाला. कुणी पासपोर्ट विचारला नाही. जमलं नाही तर ईमेलही अधिकृत नोंदीत जातो.

नागरिक झालेल्यांनी मात्र एक तारीख लक्षात ठेवावी. व्हर्जिनियात बहुतेक काउंटींच्या निवडणुका विषम वर्षांत होतात, राष्ट्राध्यक्षाच्या मतपत्रिकेवर सुपरवायझरचं नाव सहसा नसतं. लाउडन आणि प्रिन्स विल्यम, दोन्हीकडची बोर्डं 2023 मध्ये निवडली गेली, पुढची 2027 मध्ये. नोव्हेंबरच्या आधी जूनमध्ये प्रायमरी असते, आणि व्हीलर हरल्या त्या जूनमध्येच.

परवा किराणा आणायला जाताना कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत नवी पाटी दिसली. या वेळी गाडी बाजूला घेतली आणि उतरून वाचली. अर्जाचा क्रमांक, किती एकर, आत्ताचं झोनिंग, मागितलेलं झोनिंग, सुनावणीची तारीख आणि वेळ. फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकला आहे. काकांनी खाली लिहिलंय, "मी येतो, गाडीत जागा ठेव."