पारगड-मोर्ले राईड: त्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चार दिवस गप्प बसलो कारण पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर नंतर मलाच ते काढावं लागलं असतं. ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात देतो. डिसेंबरात आम्ही नऊ जण मोटारसायकलींवर चंदगडवरून पारगड किल्ल्यावर गेलो आणि तिथून खडीच्या रस्त्याने जंगलातून खाली मोर्ल्याला, म्हणजे दोडामार्ग तालुक्यात उतरलो, त्यावर मी लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकाने लिहिलंय की टायरमधली हवा चुकीची सांगितली, गाड्यांच्या आवाजाने जंगलाला त्रास, असल्या रस्त्यांचं कौतुकच करू नये, आणि मग हे वाक्य: "नऊ जणांचा ग्रुप म्हणवता आणि शेवटच्या माणसाला हत्तीच्या जंगलात सव्वा तास एकटं टाकून खाली जाऊन चहा पिता, याला ॲडव्हेंचर नाही बेजबाबदारपणा म्हणतात, त्यापेक्षा घरी बसून रील टाकत जा."

आधी हवेचं घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मी १८ पीएसआय लिहिलं होतं. पुढच्या टायरला मोकळ्या खडीवर चालून जातं, पण मागे ट्यूबवाला टायर आणि वर सॅडलबॅग असताना १८ कमीच, अणकुचीदार दगडावर आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते. २४-२५ ठेवायला पाहिजे. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. आकड्याची चूक आहे, मान्य.

आता ते वाक्य. साहेब, "टाकून" हा शब्द तुम्ही किती सहज वापरलाय. आणि "घरी बसून रील टाकत जा" हे कुणाला सांगताय? माझा जन्म चंदगड तालुक्यातला. वडील काजू-बीची पोती एम-८० वर लादून असल्याच मुरमाच्या रस्त्याने बाजाराला न्यायचे आणि मी पोत्यावर बसून मागे. रस्त्यावर डांबर असतं हे मला शाळेत जायला लागल्यावर कळलं. मी एकही रील टाकलेलं नाही, पाहिजे तर शोधा. मुद्दा मांडा की, कोण नाही म्हणतंय, पण नीट बोला. अनोळखी माणसाला पहिल्याच ओळीत बेजबाबदार म्हणायचं आणि वर सेफ्टीचं शिकवायचं ही कुठली पद्धत?

खरं काय झालं ते मिनिटांसकट सांगतो, कारण मूळ पोस्टमध्ये मी ते दोन ओळींत उरकलं होतं आणि तुम्ही त्यातनं पाहिजे तेवढंच उचललंत.

डांबरी रस्त्यावर ग्रुप एकमेकांच्या नजरेत चालतो. खडीवर आणि धुरळ्यात तसं चालत नाही, चालवूच नये. पुढच्याच्या धुरळ्यात मागच्याला दगड दिसत नाही, घसरडी दिसत नाही, पुढचा थांबलाय हेसुद्धा दिसत नाही, म्हणून धुरळा खाली बसेपर्यंत अंतर ठेवायचं, मग ते दोन मिनिटं असो का पाच. नऊ गाड्यांचं मिळून पहिल्या आणि शेवटच्यात सहज दहा-पंधरा मिनिटं पडतात. हे अंतर म्हणजे टाकून जाणं नाही, उलट त्यामुळेच माणसं धडधाकट खाली पोचतात. मग कोण चुकू नये म्हणून फाट्यावर माणूस उभा करतात. जिथे रस्ता फुटतो तिथे एक जण थांबतो, मागच्या प्रत्येकाला हात दाखवतो आणि स्वीप, म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा, आला की मगच हलतो. पुढे लीड मी होतो. स्वीप हा आमच्यातला सगळ्यात अनुभवी माणूस, हिमालयन ४११ वर, ट्यूब, टायर उघडायची लिव्हर, पंप सगळं त्याच्याचकडे. मुद्दाम त्याच्याकडे, कारण मोडलेली गाडी नेहमी त्याच्याच समोर येते.

त्या उतारावर फाटा एकच, डावीकडे काजूच्या बागेत जाणारी कच्ची वाट. तिथे आठवा माणूस उभा होता. ३:२५ ला स्वीपचं मागचं चाक पंक्चर झालं. रेंज नाही. ३:४० ला आम्ही सात जण मोर्ल्यात. आमचा नियम वीस मिनिटांचा, तेवढं थांबायचं आणि मग मागे फिरायचं. बरोबर चार वाजता मी आणि अजून एक जण वर निघालो. ४:१० ला फाट्यावर आठवा जागेवर सापडला, एक पाऊल हलला नव्हता. ४:२० ला आम्ही स्वीपजवळ. गाडी मेन स्टँडवर, टायर उघडलेला, पॅच लावून तो ट्यूब परत आत सरकवत होता. ४:४० ला चाक बसलं. म्हणजे सव्वा तास हा पंक्चर झाल्यापासून गाडी निघेपर्यंतचा आहे, एकटं राहण्याचा नाही. एकटा होता पंचावन्न मिनिटं. तुम्ही म्हणाल वीस मिनिटांनी काय फरक पडतो. मग आकडा कशाला लिहिलात? लिहिलात तर बरोबर लिहा.

आणि चहा. चहा सांगितला होता, खरं आहे. मी तो प्यायलो नाही, पण पाच जण प्यायले, कारण नऊच्या नऊ जणांनी त्या चढावर परत गाड्या घालायचं काही कारण नव्हतं.

टाकून जाणं म्हणजे काय ते मला विचारा. २०१३ साली मी दुसऱ्या एका ग्रुपबरोबर गोव्याकडे उतरत होतो, नाव घेत नाही. एका वळणावर मुरमात पुढचं चाक गेलं, कॉलरबोन मोडलं. पुढच्यांनी आरशात बघितलं नाही, फाट्यावर कोण नव्हतं, स्वीप असा नेमलेलाच नव्हता. ते पणजीला पोचले, जेवले, आणि माझी आठवण रात्री झाली. मला एका टेम्पोवाल्याने उचलून दवाखान्यात नेलं, तो माझ्या कुणी ओळखीचा नव्हता. फाट्यावरचा माणूस, वीस मिनिटं, मागे लिव्हर असलेला स्वीप, हे सगळं मी त्या खांद्यामुळे ठरवलंय. अजून थंडीत तो ठणकतो. त्यामुळे "एकटं टाकून" वगैरे मला तरी शिकवू नका.

हत्तींबद्दल. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात येतायत, मोर्ले, केर, हेवाळे या गावांनी माड, केळी, पोफळी किती गमावल्या ते तिथल्या माणसांना विचारा, आणि २०२५ मध्ये मोर्ल्यात एका शेतकऱ्याचा जीवही गेलाय. हे मला माहीत नाही असं कसं धरलंत तुम्ही? म्हणून तर दुपारी उतरलो, संध्याकाळी नाही. पारगडावरच निघायच्या आधी गावकऱ्यांना विचारलं होतं, दोन दिवसांत या अंगाला हत्ती दिसला नाही म्हणाले, मगच गाड्या काढल्या.

आवाजाचं म्हणाल तर नऊही गाड्यांना कंपनीचाच सायलेन्सर आहे. पुढे बोलण्यासारखं काही नाही. रस्त्याचं कौतुक नको म्हणता, तर पारगडच्या लोकांनी हा रस्ता वर्षानुवर्षं मागितलाय, १६७६ साली महाराजांनी बांधलेल्या गडावर आजही मालुसऱ्यांचे वंशज राहतात, त्यांना आजारी माणूस खाली न्यायचा तर काय करायचं ते आधी सांगा. यावर वेगळं लिहीन.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली ती सांगतो, लपवत नाही. काल स्वीपला फोन केला, म्हणलं असं असं लिहिलंय एकाने, तुला काय वाटतं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, टायर उघडल्यावर खालच्या अंगाला बांबू मोडल्यासारखा आवाज आला तेव्हा हातातली लिव्हर खाली ठेवली होती आणि पाचेक मिनिटं नुसता उभा होतो, गवे असतील नाहीतर वानरं, माहीत नाही. चाक उघडं, पळायचं म्हणलं तरी गाडी नाही. हे त्याने आम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही, राईड खराब होईल म्हणून. मी पोस्टमध्ये "स्वीप मजेत होता" असं लिहिलं होतं. ते वाक्य आता काढलंय.

पण ते मला त्याने सांगायचं होतं, तुम्ही नाही. तुम्ही तिथे नव्हता.

जानेवारीत परत जातोय, आंबोली-चौकुळ बाजूला. यावेळी स्वीप दोघं असतील आणि थांबायचं दहा मिनिटं, वीस नाही. हे तुमच्या सांगण्यावरून ठरलेलं नाही, काल त्या फोनवरच ठरलं. तुमची पहिली प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवलीय. त्याखाली "उत्तर नाही वाटतं" म्हणून टाकलेली दुसरी उडवली, तसली परत टाकलीत तर तीही उडवीन.