इतिहास शिकवणारी बाई आणि तिने न विचारलेला प्रश्न

लुईस पुएन्झो यांचा ‘द ऑफिशियल स्टोरी’ हा अर्जेंटिनाचा १९८५ सालचा चित्रपट मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी तो मला रुचला नव्हता. १९७६ ते १९८३ या काळातील लष्करी राजवटीने ज्यांना घरांतून उचलून नेले आणि जे पुन्हा कधीच दिसले नाहीत, त्यांची कहाणी सांगायची सोडून दिग्दर्शकाने एका सुखवस्तू घरातील बाईच्या मनःस्थितीत एवढा वेळ का घालवावा, असा माझा आक्षेप होता. तो आक्षेप मी आता मागे घेते आहे.

आलिसिया ब्युनोस आयर्समधील एका शाळेत इतिहास शिकवते. ती शिस्तीची आहे, अभ्यासू आहे आणि पुस्तकात छापलेले तेच प्रमाण मानणारी आहे. घरी दत्तक घेतलेली पाच वर्षांची गाबी आहे. ती कुठून आली हे नवऱ्याने कधी सांगितलेले नाही आणि हिनेही कधी विचारलेले नाही. परदेशातून परतलेली जुनी मैत्रीण आना एका रात्री हसत हसत आपल्या कोठडीतील दिवसांविषयी बोलू लागते आणि बोलता बोलता तिचा बांध फुटतो. त्याच ओघात ती तिथे कैदेत असलेल्या गरोदर बायकांविषयी सांगते आणि काही न विचारता त्यांची बाळे घेऊन जाणाऱ्या घरांविषयीही. त्यावर आलिसिया मैत्रिणीला धीर देत नाही. हे तू मला का सांगतेस, असे विचारते. पहिल्या वेळी मला त्या प्रश्नाचा राग आला होता. या वेळी त्यातली भीती दिसली, आणि ती मला परकी वाटली नाही.

अन्यायाच्या इतिहासावरचे चित्रपट पाहताना मी आजवर आपसूक पीडितांच्या बाजूला जाऊन बसत आले. तिथे बसणे सोपे असते, कारण पडद्यावरचा क्रूर माणूस स्पष्ट ओळखू येतो आणि त्याचा तिरस्कार करताना आपल्याला स्वतःविषयी काहीच विचारावे लागत नाही. फिलिप नॉइस यांचा ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ मी असाच पाहिला. १९३१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात तीन आदिवासी मुलींना आयांपासून तोडून मूर रिव्हरच्या वसतिस्थानात नेले जाते आणि सशांना अडवण्यासाठी उभारलेल्या कुंपणाच्या आधाराने त्या सुमारे २,४०० किलोमीटरची वाट चालू लागतात. घडलेल्या घटनेवरचा हा चित्रपट मला आजही हलवून सोडतो. तरीही त्यातले सर्वांत अस्वस्थ करणारे दृश्य वाळवंटातले नाही, असे आता वाटते. आदिवासींवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी, ‘मुख्य संरक्षक’ नेव्हिल, सभ्य स्त्रियांच्या सभेत पडद्यावर चित्रे दाखवत, पिढ्यांमागून पिढ्या कातडीचा काळा रंग कसा नाहीसा करता येईल हे समजावून सांगतात, ते हे दृश्य. त्यांच्या आवाजात द्वेषाचा लवलेश नसतो, आणि समोरच्या स्त्रिया शांतपणे ऐकत असतात. त्या वेळी मी मुलींबरोबर चालण्यात इतकी गुंतले होते की त्या श्रोत्यांकडे माझे लक्षच गेले नाही. आलिसिया त्यांच्यातलीच आहे. पुएन्झो यांनी तिला बाजूला न ठेवता मध्यभागी आणले, आणि मला आधी उणीव वाटली ती तर या चित्रपटाची खरी ताकद आहे.

आमांडा शेर्नेल यांच्या ‘सामी ब्लड’ मध्ये हेच न विचारणे माणसाच्या आत शिरलेले दिसते. १९३० च्या दशकातील स्वीडनमध्ये निवासी शाळेत शिकणाऱ्या एले-मार्या या सामी, म्हणजे उत्तरेकडील मूळनिवासी जमातीतल्या, मुलीच्या डोक्याची मोजमापे उप्सालाहून आलेले पाहुणे घेतात, तिला विवस्त्र करून तिची छायाचित्रे काढतात, आणि गावातली मुले खिडकीतून हे सारे पाहत असतात. हे कशासाठी, असे ती विचारते. उत्तर कोणी देत नाही. (उप्सालात वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था १९२२ पासून होती, म्हणजे हे काही चक्रम माणसांचे खूळ नव्हते, त्यामागे राज्याचा पैसा आणि विद्येची प्रतिष्ठा उभी होती.) पुढे ती घर, भाषा, धाकटी बहीण सगळे सोडते, क्रिस्टिना हे नाव घेते आणि म्हातारपणापर्यंत ते निभावते. तिने आपल्या माणसांना दूर लोटले म्हणून तिला दोष द्यावा, असे मला क्षणभरही वाटले नाही. बहिणीच्या शवपेटीशी वाकून ती माफी मागते तेव्हा माझ्या मनात एवढेच येत होते, की ही माफी मागायला हवी होती ती मोजपट्टी हातात धरणाऱ्यांनी.

‘द ऑफिशियल स्टोरी’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी अर्जेंटिनात लष्करी सत्ताधीशांवर खटला चालू होता आणि ‘प्लाझा दे मायोच्या आज्या’ या संघटनेतल्या बायका आपल्या हरवलेल्या नातवंडांना १९७७ पासून शोधत होत्या. मुलाचे आईवडीलच हयात नसताना त्याचे नाते सिद्ध कसे करायचे, या त्यांच्या प्रश्नापायी आजी-आजोबांच्या रक्तावरून नाते ठरवण्याची पद्धत विकसित झाली आणि १९८७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय जनुकीय संग्रह स्थापन झाला. अशी सुमारे ५०० मुले पळवली गेली, असा या आज्यांचा अंदाज आहे. आजवर १३० हून अधिक जणांची ओळख पटली आहे. चित्रपट संपतो तेव्हा गाबी झुलत्या खुर्चीत एकटीच गाणे म्हणत बसलेली असते. त्या वर्षी तिच्या वयाची असलेली ती खरी मुले आता पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि त्यांच्यातील कित्येकांना आपल्याविषयी काही विचारायला हवे, हेसुद्धा अजून ठाऊक नाही.