थिसिससाठी पेशंटची भीती मोजायची आहे? या, बसा

एमडीच्या पहिल्या वर्षाला आहात, सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसच्या आराखड्याची, तारीख मानगुटीवर बसली आहे आणि गाईडसाहेब “काहीतरी सोपं घे, प्रश्नावली वगैरे” असं म्हणून लिफ्टमध्ये शिरलेत. अजिबात घाबरू नका. ऑपरेशनच्या आधी पेशंटला किती भीती वाटते हे मोजणारी एखादी परदेशी प्रश्नावली उचलायची, तिचं मराठी करायचं आणि वर ‘मराठी आवृत्तीची विश्वासार्हता व वैधता’ असं शीर्षक ठोकायचं. रक्त काढायला नको, मशीन नको, खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा.

प्रश्नावली निवडताना अॅमस्टरडॅमची १९९६ सालची घ्या. सहाच प्रश्न आहेत: चार भीतीचे, दोन माहितीचे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. मास्ट्रिख्टच्या मंडळींची २०१४ ची पण चांगली आहे, पण तिच्यात आठ प्रश्न. उगाच दोन जास्त कशाला? स्पीलबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची वीस वाक्यांची तर लांबूनच नमस्कार करण्यासारखी, शिवाय विकत घ्यावी लागते.

मूळ लेखकांना परवानगीची मेल सबमिशनच्या आदल्या रात्री पाठवावी. उत्तर आलं नाही, म्हणजे त्यांची हरकत नाही.

आता भाषांतर. २००० साली बीटन आणि सहकाऱ्यांनी याची रीत घालून दिली आहे. दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, ते जुळवून एक करायचं, मग मूळ प्रश्नावली कधी न पाहिलेल्या दोघांनी ते परत इंग्रजीत न्यायचं, मग सगळ्यांनी तज्ज्ञांबरोबर बसायचं आणि शेवटी तीस-चाळीस पेशंटांवर करून बघायचं. एवढी माणसं जमवायला काय तुमच्या घरी लग्न आहे? फोनमध्ये इंग्रजी टाका, मराठी बाहेर पडतं. तेच मराठी परत टाका, इंग्रजी बाहेर पडतं. जुळलं ना? जुळणारच, यंत्र तेच आहे. राहता राहिलं सर्टिफिकेट. त्यासाठी ओळखीपाळखीतला कोणीतरी भाषांतर करणारा गाठायचा. मी भाषांतराचंच काम करते, त्यामुळे माझ्याकडे बरेच जण येतात. “मॅडम, वाचत बसू नका, फॉरमॅट तयार आहे, फक्त इथे सही.” दुसऱ्या कागदावर उलट भाषांतर करणारी म्हणूनही माझंच नाव असतं. मी नाही म्हटलं की त्यांना खरंच आश्चर्य वाटतं.

फॉर्म भरून घ्यायची वेळ मात्र विचारपूर्वक निवडा. मूळ कल्पना अशी, की पेशंटने शांतपणे, स्वतः वाचून खुणा करायच्या. दोन मिनिटंही लागत नाहीत. आपल्याकडे सर्वात उत्तम वेळ म्हणजे संध्याकाळी भेटायला आलेल्यांची गर्दी असते ती. गेल्या महिन्यात माझ्या आत्याचं पिशवीचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी एक रेसिडेंट क्लिपबोर्ड घेऊन आला. आत्या बावन्न वर्षांची, तो म्हणाला, “आजी, इथे सही, इथे, आणि इथे.” ही संमती. मग बाजूच्या तीन खाटा आणि त्यांचे सगळे नातेवाईक कान देऊन ऐकत असताना त्याने मोठ्याने विचारलं, “भुलीची काळजी वाटते का? एक ते पाचमध्ये सांगा.” काकाच बोलले, “तिला कसली काळजी, खंबीर आहे ती.” आत्या म्हणाली, “देवाच्या हातात सगळं.” एकवर खूण.

“भुलीचा विचार सारखा मनात येतो?”

“पाठीत सुई देणार का रे बाळा? आमच्या शेजारणीची कंबर धरली ती अजून सुटली नाही.”

तीनवर खूण. का तीन, ते त्याचं त्याला माहीत.

“भुलीबद्दल जास्तीत जास्त माहिती हवी आहे का?”

आत्या उशी सारून उठून बसली. “हो तर! सांग ना.”

पाचवर खूण. आणि पुढचा प्रश्न!

ऑपरेशनबद्दल माहिती हवी का, यालाही ती हो म्हणाली, तिथेही पाच. मग तिने हळूच विचारलं, हातातल्या बांगड्या काढाव्या लागतात का, आणि मंगळसूत्र? “ते सिस्टरला विचारा,” म्हणत तो शेजारच्या खाटेकडे वळला सुद्धा. बांगड्यांना फॉर्ममध्ये चौकोन नव्हता ना. सिस्टर दोघी, वॉर्ड चाळीस खाटांचा, त्या कशाला येतात सांगायला.

माहितीच्या दोन प्रश्नांत दहापैकी दहा मिळवून आत्या रात्रभर पंख्याकडे बघत पडली होती. अॅमस्टरडॅमवाल्यांनी ते दोन प्रश्न काय जागा भरायला घातले होते? त्यांच्या ३२० पेशंटांमध्ये दिसलं होतं, की ज्यांना जास्त माहिती हवी असते ते घाबरलेलेही जास्त असतात. आठ, नऊ, दहा गुण पडले तर त्या माणसापाशी बसून सगळं नीट सांगायचं, त्यासाठी ते गुण आहेत. इथे ते एक्सेल शीटमध्ये गेले.

असो. पुढच्या टिपा आटोपशीर आहेत.

प्रश्नामागे दहा पेशंट धरले की साठात काम होतं.

क्रोनबॅकचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, ०.७ च्या वर यायला हवा. वॉर्डात न जाता हॉस्टेलवर बसून भरलेत तर हमखास येतो: एका पेशंटला सगळीकडे दोन, दुसऱ्याला सगळीकडे चार. असा सुसंगत पेशंट खऱ्या वॉर्डात सापडत नाही.

उत्तरं तीच येतात का हे बघायला तीच प्रश्नावली त्याच पेशंटला पुन्हा द्यायची, हा एक जाच असतो. पंधरा दिवसांनी द्यावी तर ऑपरेशन होऊन टाके निघालेले. संध्याकाळची सकाळी द्यावी तर पहाटे एनिमा, शेव्हिंग, सलाईन. मग दुसरी प्रत स्वतःच भरा, एखादा आकडा बदला.

वैधता, म्हणजे प्रश्नावली खरंच भीतीच मोजते का, हे तपासायला तज्ज्ञ म्हणून तुमच्याच विभागातले पाच जण घ्या. पेशंटला कुठे काय कळतं.

बांगड्या काढायची भीती, उघडं पडायची भीती, गुंगीत तोंडातून काही निघून जाईल ही भीती, योजनेत नाव बसलं नाही तर पैसे कुठून आणायचे ही भीती, यातलं अॅमस्टरडॅमच्या यादीत काही नाही. तुम्ही घालायला हवं होतंत. निदान विचारायला हवं होतंत. मराठी आवृत्ती म्हणता ना? मग मराठी बाईला कशाची भीती वाटते ते एकदा तिच्या खाटेवर बसून ऐकायचं होतं, कागद न उघडता.

आणि हे तुमच्या गाईडनाही सांगा, कारण सही त्यांची आहे. “माहिती हवी का” असं विचारून, “हो” ऐकून, निघून जायला लाज कशी वाटत नाही? पाठीत सुई देणार आहोत, कमरेखाली बधिर होईल, चार-पाच तासांत पाय हलायला लागतील, मंगळसूत्र काढून घरच्यांकडे द्या: एवढं बोलायला फॉर्म भरण्यापेक्षा कमी वेळ लागतो. तेवढाही नसेल तर विषय बदला. पित्ताशयातून निघालेल्या खड्यांचं वजन करा. बरणीत ठेवता येतात आणि उलट काही विचारत नाहीत.