गाव कुठलं? वुच!

नोकरीसाठी पोलंडला येऊन मला तीन वर्षं झाली, पण माझ्या गावाचं नाव वडिलांनी अजून एकदाही बरोबर घेतलेलं नाही. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता वाचून त्यांनी आपल्या सोयीचा उच्चार बसवला आणि इचलकरंजीभर सांगत सुटले, "धाकटा लोडला असतो." त्यावर शेजारचे काका म्हणाले, "लोडाला नुसता टेकून असतो, का काही कामधंदा पण करतो?"

वडिलांना तरी काय बोलणार! चार अक्षरांचं नाव, आणि त्यातलं एकही दिसतं तसं वागत नाही. पहिल्या एलच्या पोटातून तिरकी काडी गेलीय, म्हणून तो 'व'. ओच्या डोक्यावर रेघ आहे, म्हणून तो 'उ'. उरले डी आणि झेड. त्या दोघांनी मिळून 'च' म्हणायचं ठरवलंय. झालं 'वुच'. अर्थ होडी. शहराच्या मानचिन्हावरही होडीच आहे. नद्या मात्र बऱ्याचशा जमिनीखालच्या नळांतून वाहतात. कापडगिरण्यांमुळे याला पोलंडचं मँचेस्टर म्हणत. म्हणजे मी महाराष्ट्राच्या मँचेस्टरमधून उठलो आणि पोलंडच्या मँचेस्टरमध्ये येऊन पडलो.

आमचा क्लायंट खऱ्या मँचेस्टरचा. पहिल्याच कॉलवर त्यानं विचारलं, कुठं राहतोस?

"आय लिव्ह इन वुच."

"इन व्हिच?"

"येस, वुच."

"व्हिच सिटी?"

"वुच सिटी."

शेजारचा पोलिश सहकारी मला दुजोरा म्हणून "नो, नो" करत होता. पोलिशमध्ये 'नो' म्हणजे 'हो ना'. क्लायंटनं त्या दिवशी कॉल लवकर आटोपला.

पुढच्या वेळी मी शहाणा होऊन सरळ "लॉड्झ" म्हणालो. क्लायंटला लगेच कळलं. पण सहकाऱ्याचा चेहरा असा झाला, की एखाद्या सदाशिवपेठी माणसासमोर कुणीतरी 'पूना' म्हणावं. वार्शावाचं इंग्रजीत वॉर्सा झालंय, क्राकुफचं क्रॅको; तिथं निदान दोन्हीकडची सोय आहे. वुचचं असं बारसं कुणी केलंच नाही. खरा उच्चार केला तर इंग्रजाला कळत नाही, इंग्रजी उच्चार केला तर पोलिश माणूस दुखावतो. आणि दोघं एकाच कॉलवर असतात.

एक मात्र आहे, पोलिशसाठी आपण मराठी माणसं जन्मतःच तयार असतो. चहाच्या चमच्यात दोन वेगळे 'च' असतात, हे इंग्रजाला जन्मात कळायचं नाही. पोलिशमध्ये ते दोन्ही आहेत, शिवाय एक तिसराही. 'षटकोनातला ष' शाळेत आयुष्यभर नुसता लिहिला, तो जीभ वळवून म्हणायची वेळ माझ्यावर ष्चेचीन नावाच्या पोलिश शहरात आली.

आणि नावं चालवायची सवयही आपल्याला आहे. पुणे असतं, पण आपण जातो पुण्याला. तसंच शहर वुच, पण तिथं जायचं तर "दो वोजी". पहिल्यांदा मी तिकिटाच्या खिडकीवर "दो वुच" म्हणालो. बाईंनी तिकीट द्यायच्या आधी माझं सामान्यरूप दुरुस्त केलं. मला शाळेतल्या मराठीच्या बाई आठवल्या. झाकोपानेला जायचं तर "दो झाकोपानेगो", आणि क्येल्त्सेला जाताना उलटा शेवटचा स्वरच गळून पडतो, "दो क्येल्त्स". मी हल्ली तिकीट मोबाईलवर काढतो.

ष्चेचीनजवळ एक गाव आहे, उच्चार पोलित्से, पण स्पेलिंग थेट इंग्रजी 'पोलीस'चं. आमच्यातली एक मुलगी तिथली. तिनं सुट्टीवर जाताना क्लायंटला मेल टाकला, 'सोमवारपर्यंत मी पोलीसमध्ये आहे.' त्याचं ताबडतोब उत्तर आलं, वकील लागेल का? मोठ्या मनाचा माणूस. तेव्हापासून मला तो आवडायला लागला.

मागच्या आठवड्यात गप्पांमध्ये मी कोल्हापूर जिल्ह्यातला, असं निघालं. 'नो, नो'वाला सहकारी ताडकन उठला. "वालिवादे!" त्याची आजी लहानपणी तिथं होती. 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारकही आहे. मला भरून यायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "वालिवादे नाही रे, वळिवडे."

"वालिवडे."

"ळ."

"ल."

"ळ! जीभ मागं वळव."

तीन वर्षांचं सगळं उट्टं मी त्या दहा मिनिटांत काढलं. शेवटी तो घामाघूम होऊन म्हणाला, "लिहून दाखव." मी कागदावर मोठा 'ळ' काढला. त्यानं कागद उभा धरला, आडवा धरला, परत उभा धरला.

"हा आठचा आकडा," तो म्हणाला, "झोपलाय का?"