क्रांती केलीत? मग आता जुन्या मूर्तींचं बघा

अभिनंदन! राजवाड्यावर तुमचा झेंडा लागला, आता पहिलं काम काय तर जुनी कला आणि जुनी नीती यांचा निकाल लावायचा. रेशन, पगार वगैरे होईल सावकाश, पुतळा कसा उलट बोलत नाही त्यामुळे हे काम पटकन उरकतं.

सुरुवात मुंडक्यांपासून करा. पॅरिसवाल्यांनी १७९३ मध्ये नोत्र-दाम चर्चवरचे २८ दगडी राजे खाली पाडून त्यांची डोकी उडवली, फ्रान्सचे राजे समजून. ते होते बायबलमधले यहुदाचे राजे, पण ऐन उत्साहात ओळखपत्र कोण तपासत बसतो! १९७७ मध्ये एका बँकेच्या इमारतीच्या कामात बरीचशी मुंडकी सापडली, आता म्युझियममध्ये ठेवलीत आणि लोक तिकीट काढून बघतात. आणि हो, त्याच १७९३ मध्ये लूव्र म्युझियम जनतेसाठी उघडलं, राजाचीच चित्रं लावून. म्हणजे दारावरचं फोडायचं आणि आतलं राष्ट्रीय संपत्ती म्हणून ठेवून घ्यायचं, एवढं लक्षात ठेवा.

पैसे कमी पडले तर आतलंही विका, लाजायचं नाही. सोव्हिएत सरकारने १९३०-३१ मध्ये आपल्याच हर्मिटाज म्युझियममधली राफाएल वगैरे जुन्या चित्रकारांची २१ चित्रं अँड्र्यू मेलनला विकली, आणि हा मेलन कोण तर तेव्हाचा अमेरिकेचा अर्थमंत्री! भांडवलशाहीच्या खजिनदारालाच गिऱ्हाईक केलं, याहून वर्गसंघर्ष तो काय असतो.

कवींचं जरा नाजूक आहे. १९१२ मध्ये रशियातल्या तरुण कवींनी पुश्किनला, म्हणजे रशियाच्या सगळ्यात लाडक्या जुन्या कवीला, आधुनिकतेच्या जहाजावरून खाली फेका म्हणून जाहीर केलं, आणि १९३७ मध्ये सोव्हिएत सरकारने त्याच पुश्किनच्या मृत्यूची शताब्दी देशभर दणक्यात केली, त्याच वर्षी जिवंत लेखक मात्र तुरुंगात जात होते. तुम्हीही मेलेलाच कवी निवडा, नवीन काही लिहिणार नाही याची गॅरंटी असते.

नीती तर आयती मिळते. ‘जो काम करणार नाही तो खाणार नाही’ हे १९१८ च्या आणि १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेत आहे. वाक्य बायबलमधल्या संत पॉलच्या पत्रातलं. नाव तेवढं गाळायचं, झाली क्रांतिकारी नीती, चर्चवाले कॉपीराइट मागायला येणार नाहीत कारण त्यांना आधीच गप्प केलेलं असतं.

चीनचा अनुभवही कामाचा आहे. १९६६ मध्ये जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या चालीरीती, जुन्या सवयी हे सगळं फोडा म्हणून पोरांना सोडलं, पोरांनी चीनचा प्राचीन तत्त्वज्ञ कन्फ्युशियस याचं देऊळसुद्धा सोडलं नाही, आणि माओ स्वतः कविता करायचे त्या जुन्याच वृत्तांत! रंगमंचावर बॅले चालला, तो युरोपातल्या राजांच्या दरबारात वाढलेला नाच, पण चवड्यावर उभ्या असलेल्या नर्तकीच्या हातात रायफल दिली की दोष निघून जातो. पुढे २००४ पासून सरकारनेच जगभर कन्फ्युशियसच्या नावाने चिनी भाषा शिकवणाऱ्या इन्स्टिट्यूट काढल्या.

म्हणून काहीही पाडायच्या आधी फोटो काढा, मापं घेऊन ठेवा. मॉस्कोचं ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रल १९३१ मध्ये सुरुंग लावून उडवलं, तिथे सोव्हिएतांचा भव्य महाल होणार होता तो काही झालाच नाही, आणि शेवटी २००० साली जसंच्या तसं कॅथेड्रल परत उभं राहिलं. मधली बरीच वर्षं त्या खड्ड्यात उघडा स्विमिंग पूल होता, गरम पाण्याचा. तेवढी सोय तुम्हीही करून ठेवा.