हेलिकॉप्टर लागलंय!

लाल दिव्याचं एक बरं असतं. ऑइलचा किंवा तापलेल्या इंजिनाचा लाल दिवा लागला की गाडी कडेला घ्यायची, विषय संपला. डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा 'चेक इंजिन' मात्र नुसता लागून राहतो. लुकलुकला तर समजावं की इंजिन जोरात मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावणार. आमचा लुकलुकतही नव्हता. गाडी छान पळत होती, एसी गार होता, आणि मागून सासूबाई विचारत होत्या, "अहो, ते हेलिकॉप्टर कशाला लागलंय?"

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोनेट उघडणं म्हणजे सभा बोलावणं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी इथेनॉलवाल्या पेट्रोलला दोषी ठरवलं. ते सध्या गुडघेदुखीलाही त्यालाच दोषी ठरवतात. ज्यांचा मुलगा न्यू जर्सीला आहे त्या काकूंनी टाकीचं झाकण घट्ट करायला सांगितलं. यात तथ्य आहे, तिकडच्या गाड्या टाकीतली वाफ गळते का तेही तपासतात आणि सैल झाकणावरून दिवा लावतात. मी झाकण 'कट्‌कट्' वाजेपर्यंत पिळलं. दिवा ढिम्म. "बॅटरीची वायर काढून परत लावा, जातोय की नाही बघा," असं एक जण म्हणाला. जातो ना! पण त्याबरोबर गाडीने साठवलेला बिघाडाचा कोडही पुसला जातो, आणि दुखणं तिथेच राहतं.

शेवटी मेव्हणा ब्लूटूथचा स्कॅनर घेऊन आला. तो लावायला स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून ते प्रत्येक नव्या कारला सक्तीचं झालं. तिथे पोचायला मेव्हण्याला क्लचजवळ डोकं आणि दाराबाहेर पाय असं झोपावं लागलं. मोबाइलवर उमटलं : पी ०१३०, ऑक्सिजन सेन्सर सर्किट, बँक एक, सेन्सर एक. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर तो. "सेन्सर गेला," मेव्हण्याने खालूनच निकाल दिला.

मोठ्या वर्कशॉपातल्या टॅबवाल्या मुलाचंही तेच म्हणणं पडलं. शिवाय त्याच्या एस्टिमेटमध्ये व्हील अलाइनमेंट आणि एसीचं निर्जंतुकीकरण होतं. त्यांचा ऑक्सिजनशी काय संबंध, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मग कोपऱ्यावरचे मिस्त्री. कोड ऐकून ते म्हणाले, "ही नुसती तक्रार झाली साहेब. सेन्सरकडून सिग्नल येत नाही, एवढंच कळतंय. सेन्सर मेलाय का वायर तुटलीये, ते बघायला नको?" त्यांनी टॉर्च तोंडात धरला आणि हात आत घातला. वायरीवरचं प्लास्टिक इंचभर सोललेलं, आत तांबं उघडं. शेजारी, इंजिनाच्या उबेला, भुईमुगाच्या टरफलांचा नीटनेटका ढीग. उंदीर तिथे नुसता येऊन गेला नव्हता, राहायला होता.

वायर जोडली, स्लीव्ह चढली, कोड पुसला, दिवा गेला. सेन्सर तोच, जुना. मिस्त्रींनी घेतले त्यात वर्कशॉपचं व्हील अलाइनमेंटही झालं नसतं.

"आता बोनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा, वास त्याला सोसत नाही," ते म्हणाले. गरम भागापासून लांब, फडक्यात नीट पुरचुंडी बांधून मी पानं ठेवत होतो. वॉचमन मागे येऊन कधी उभा राहिला कळलंच नाही. बराच वेळ बघून त्याने अगदी काळजीने विचारलं, "साहेब, आणि चुना?"