मॅल्डी-टॉफ नेमके काय ओळखते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मॅल्डी-टॉफ, म्हणजे जीवाणूतील प्रथिनांची वस्तुमाने मोजून त्याची ओळख पटवणारे यंत्र, यावरील माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. जीवाणू ज्यावर वाढवतात ते माध्यम बदलले की जीवाणूची प्रथिने बदलतात, त्यामुळे त्या प्रथिनांच्या आराखड्यावरून पटवलेली ओळख भरवशाची नाही, हा पहिला. आणि हे यंत्र ‘वाण (एकाच जातीतील उपप्रकार, स्ट्रेन) ओळखते’ हे माझे विधान चूक आहे, हा दुसरा. दुसरा मला पूर्णपणे मान्य आहे, पहिला नाही.

माध्यमानुसार अनेक एन्झाइमांचे प्रमाण बदलते हे खरेच; परंतु हे यंत्र साधारण २,००० ते २०,००० डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) या पट्ट्यात पाहते आणि तिथली आलेखावरील ठळक शिखरे बहुतांशी रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, प्रथिनांची असतात. वाढत्या पेशीचे रायबोसोमवाचून चालत नाही, म्हणून ब्लड अगार असो वा न्यूट्रिअंट अगार, ही शिखरे सहसा जागा सोडत नाहीत. माझ्या अनुभवात दगा देते ते शिळे कल्चर. आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेली कॉलनी टूथपिकने स्टीलच्या प्लेटवर फासली, त्यावर मॅट्रिक्सचा (लेझरची ऊर्जा शोषणाऱ्या द्रावणाचा) थेंब वाळवला आणि स्कोअर, म्हणजे नोंदसंग्रहातील आराखड्याशी जुळण्याचा गुण, १.७ च्याही खाली, म्हणजे ओळख न पटण्याइतका, आला. तोच जीवाणू रात्रभर नव्याने वाढवल्यावर स्कोअर २ च्या वर, म्हणजे खात्रीच्या ओळखीपर्यंत, गेला.

आता वाणाकडे. ज्या स्थिर प्रथिनांमुळे जात ओळखता येते, तीच एका जातीच्या सर्व वाणांत जवळपास सारखी असतात. इ. कोलाय आणि शिगेला यांतसुद्धा हे यंत्र खात्रीने फरक करू शकत नाही. तिथे अजूनही जैवरासायनिक चाचण्या आणि सिरम लागतात. एका वॉर्डातील तीन रुग्णांत क्लेब्सिएला न्यूमोनी सापडला, तर यंत्र तिन्ही वेळा तेच नाव देईल. संसर्ग एकाच ठिकाणाहून पसरला का, हे मात्र त्यावरून कळणार नाही; त्यासाठी जनुकसंचाच्या वाचनासारखी पद्धत लागते.

अपवाद आहेत, पण तोकडे. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या काही स्टॅफिलोकोकस ऑरियस जीवाणूंमध्ये २,४१५ डाल्टनच्या आसपास एक छोटे शिखर दिसते. ते ज्या पेप्टाइडचे (छोट्या प्रथिनाचे) असते त्याचा जनुक प्रतिरोधाच्या जनुकाशेजारीच, पण त्या जनुकखंडाच्या काही प्रकारांतच असतो. त्यामुळे शिखर दिसले तर संशय बळावतो. दिसले नाही म्हणून जीवाणू औषधाला दाद देईलच असे म्हणता येत नाही.

‘वाण’ हा शब्द मी ‘जात’ या अर्थाने सैलपणे वापरला होता. लेखातील ते वाक्य आज दुरुस्त केले आहे, आणि शिगेलाचा उल्लेख त्याच परिच्छेदात घातला आहे.